तेरा नंबर

आठवडाभर आधी भिंतीवर चित्रं चिकटवली होती :
घर. स्कूटर. कमान. तिकीट. पाळणा. जेवण. झोप.
केतकी रोज सकाळी बोट ठेवून वाचायची,
डावीकडून उजवीकडे,
मध्ये खोकला आला तर पुन्हा पहिल्यापासून.
रांगेचं चित्र लावायचं राहून गेलं,
हे आम्हाला कळलं
रांगेत उभं राहिल्यावर.

म्हसरूळ सोडलं की दिंडोरी रस्त्याला
द्राक्षमळा संपतो तिथे ती कमान.
तिघं एका स्कूटरवर, डोक्यावर चैत्राचं ऊन.
तिच्या कानांवर माझे पिवळे इयरमफ,
अंबडच्या प्रेसशॉपमधले,
शंभर टनांचा ठोका अडवणारे.
माझ्या मापाचे म्हणून आत रुमालाची घडी.
पण स्पीकरवर कुणाचा तरी वाढदिवस होता,
आणि वाढदिवस रुमालातून आत जातो.

ती खाली पडली.
तापलेल्या फरशांवर, पाठ टेकून, पूर्ण आवाजात.
मागची बाई म्हणाली,
"एक ठेवून द्या, लगेच गप्प बसेल."
मी सॉरी म्हणालो.
पुढच्यांना, मागच्यांना, गेटवरच्या पोराला.
सात वेळा मोजलं मी ; ही सवय कारखान्यातली.
आठवं सॉरी गेलं
पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेटीला.

प्रणिता कुणालाच काही म्हणाली नाही.
ओढणी सोडली, दोन हातांत ताणून धरली
ऊन आणि केतकीच्या मध्ये,
आणि उभी राहिली.
बावीस मिनिटं.
तिचे दंड थरथरताना मी पाहिले
आणि एक टोक धरायला
मला अठरावं मिनिट उजाडलं.

मग केतकी उठली, फ्रॉक झटकला,
सरळ पाळण्याकडे गेली.
बसली नाही. कठड्याला नाक लावून
येणारा प्रत्येक डबा वाचू लागली.
दहा. अकरा. बारा. चौदा.
पुन्हा. दहा. अकरा. बारा. चौदा.
"तेरा नाही."
नऊशे रुपयांची तिकिटं माझ्या मुठीत ओली होत होती.
"तेरा नाही. तेरा कुठे?"
आवाज चढू लागला, तसा मी
पुढच्या सॉरीची तयारी केली.

पाळणेवाल्याच्या खिशावर नाव शिवलेलं, पुंजाराम.
त्याने कळ ओढली, चाक थांबवलं,
वरच्या डब्यातली जोडपी ओरडली, ओरडू दिली.
"मालकानं नाही लावला तेरा.
लोकं बसत नाही त्याच्यात."
तिला हे पटलं नाही. कसं पटावं?
बाराच्या पुढे तेराच असतो.
त्याने जरा विचार केला.
तंबाखू थुंकून आला.
"हे बघ, मीच तेरा.
मी फिरत नाही, मी खालीच राहतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं.
तोंडाकडे नाही, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे,
ती पाहते तसं.
मग पहिल्यापासून मोजलं,
आणि बारा गेल्यावर, चौदा यायच्या आत,
बोट त्याच्याकडे केलं : "तेरा."
"हजर," तो म्हणाला.
एक तास. प्रत्येक फेरीला. "हजर."
मधेच चहा आला, तेव्हा कप तोंडाला लावूनसुद्धा.
तिकिटं परत घेत नाहीत, तसा बोर्डच होता.
मीही विचारलं नाही.

रात्री सिडकोत, ताटं वाढलेली,
तिने भिंतीवरच्या जेवणावर बोट ठेवलं
आणि थांबली.
"तेरा जेवला?"
"जेवत असेल आता."
'असेल' तिला चालत नाही,
हे नऊ वर्षांत मला पाठ व्हायला हवं होतं.
"नऊ दहाला," मी म्हणालो. "नऊ दहाला जेवतो तो."
तिने घड्याळ पाहिलं. नऊ चार.

पिठलं थंड होत होतं, भाकरी वातड.
आम्ही तिघं सहा मिनिटं
हात मांडीवर ठेवून बसलो.